आमच्या व्हरांड्याचा इतिहास

आमची कॉलनी महाराजांनी संस्थानातल्या कारकुनांसाठी आणि फौजेतल्या लोकांसाठी बांधली होती, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. तेव्हा ती गावाबाहेर होती. शहरातल्या स्नेहलतागंजाकडून येणारे टांगेवाले कुरकुरतच यायचे म्हणे. एकसारखी बैठी घरं, पुढे कमानींचा व्हरांडा, वर लाल कौलं, दारात बागेला जागा. माझ्या शाळेच्या दिवसांपर्यंत संस्थान गेलं, राजधानी भोपाळला गेली, आणि मागे उरलेल्या या सरकारी घरांना सगळी कॉलनी शिव्या घालत राहायची. कौलं गळतात, स्वैपाकघरात धूर कोंडतो, संडास पार मागच्या टोकाला.

वडील कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी व्हरांड्याला पत्रे ठोकले आणि त्या अंधाऱ्या भट्टीला ते ‘ड्रॉइंग रूम’ म्हणू लागले. शेजारच्या निवृत्त रिसालदारकाकांनी बागेत म्हैस बांधली.

मग बातमी आली, की घरं पाडून तिमजली क्वार्टर्स उठणार. झालं! ज्याला त्याला वारसा आठवला. आमच्याच ड्रॉइंग रूममध्ये घाम पुसत सभा भरली.

“अरे भिया, ही घरं थोडीच आहेत? इतिहास आहे इतिहास!” रिसालदारकाका गरजले. “खुद्द महाराज आमच्या व्हरांड्यात उभे राहिले होते.”

“मागे तर म्हणत होतात, मोटारीतून उतरलेच नाहीत,” आई आतून म्हणाली.

“वहिनी, उतरले नसतील. पर गाडी तो रुकी थी ना?”

अर्ज गेला. काही दिवसांनी भोपाळहून एक तरुण इंजिनियर पाहणीला आला. त्याला जुन्या इमारतींचं खरंच वेड होतं, हे आमचं दुर्दैव. वडिलांनी त्याला बसवलं, चहा दिला. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, “इन मकानों के बरामदे की बड़ी तारीफ़ सुनी है. कहाँ है?”

“आप उसी में बैठे हैं,” वडील म्हणाले.

रिसालदारकाकांकडे त्यानं बाग विचारली. म्हशीनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं म्हशीकडे.

शेवटच्या घरात एक विधवा शिक्षिका राहायच्या. घराला एक खिळासुद्धा मारला नाही म्हणून कॉलनी त्यांना कंजूष म्हणायची. इंजिनियर त्यांच्या व्हरांड्यात शिरला आणि कमानीवरून हात फिरवत राहिला. “बहनजी, कितना सँभालकर रखा है आपने!”

“सँभाला कसला? कोई मरम्मत ही नहीं करता,” बाई म्हणाल्या. “पाडा हो खुशाल. मला घरात संडास हवाय.”

मागोमाग आलेल्या रिसालदारकाकांना एकाएकी मोठ्ठा खोकला आला.

पुढे हुकूम आला, की घरं पाडणार नाहीत. पेढे वाटून झाल्यावर कोणीतरी तो शेवटपर्यंत वाचला. घरं मूळ रूपात ठेवायची, मागून केलेली सगळी बांधकामं आणि जनावरं हटवायची.

“ये क्या बात हुई!” काका ओरडले. “म्हैस काय मागून बांधलेलं बांधकाम आहे?” म्हैस शेवटी जवळच्या हातोद गावी त्यांच्या भावाकडे गेली. काकांना तेव्हापासून इतिहासाचा उबग आला.

आमचे पत्रे निघाले त्या दिवशी वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आई व्हरांड्यात तांदूळ निवडायला बसली. येणारीजाणारी बायामाणसं थांबून तिच्याशी बोलत होती आणि ती हसत होती. एवढी वर्षं तिला घरातून रस्ताच दिसत नव्हता, हे तेव्हा मला कळलं. महिन्याभरात वडील पाहुण्यांना सांगू लागले, “हवेसाठी मीच काढले पत्रे.”

बाईंची बदली महूला झाली. त्या टांग्यात बसत होत्या तेव्हा आईनं विचारलं, “घराची आठवण येईल ना?”

“कशाला येईल? तिथे नळ आहे, आतच संडास आहे,” त्या म्हणाल्या आणि टांगेवाल्याला “चलो भिया” म्हणून निघाल्यासुद्धा.

त्यांच्या घरात एक बडे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी तो व्हरांडा विटांनी बंद केला. रिसालदारकाका रोज सकाळी त्या घरावरून जाताना साहेबांना नमस्कार करत. हुकुमाचं कोणी नावही काढलं नाही.