ओढ्यात धुतलेला पंप

भातावर औषध मारायला गावात एकच पितळी पंप होता आणि तो चालवणारा मी एकटा, त्यामुळे माझी मान जरा ताठच असे. फवारणी झाली की पंप तीनदा धुवायचा, असं शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. कुठं धुवायचा, हे या शहाण्यानं विचारलं नाही. मी ओढ्यात धुतला.

सकाळी खेकडे धरायला गेलेली चुलती रिकामी पाटी घेऊन आली.

"समदं खेकडं उताणं पडल्यात. पंप मातुर लई चकाकतोय तुजा."

"काकी, पाणी भरलंस का तिथलं?"

"व्हय. म्हशीला ठेवलंय."

मी गोठ्याकडं धावलो. म्हशीनं तोंड खाली घातलं होतं. मी पाण्याचं घमेलं उलटं केलं.

म्हैस वाचली. ओढ्यात पुन्हा खेकडा दिसेपर्यंत चुलती माझ्याशी बोलली नाही.