अठ्ठेचाळीस-वीसचे व्याही

माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त राग ज्या माणसाचा आला, ते माझे व्याही. नवऱ्याचा राग आला तर त्याला चार शब्द सुनावता येतात, भावाशी अबोला धरता येतो, शेजारणीच्या तोंडावर दार लावता येतं. व्याह्यांचं काहीच करता येत नाही, कारण त्यांच्या घरात आपली मुलगी दिलेली असते. ते ओरडले की आपण पोह्यांची बशी पुढे करायची आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणायचं. सहा वर्षं मी हे म्हणत आले आणि एकदाही मनापासून म्हटलं नाही.

व्याही लोणावळ्याजवळ वलवणला राहायचे. उभा जन्म त्यांनी बंदरावरच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कागदी मालाची वर्गवारी करण्यात घालवला. परदेशी जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या जाडजूड पुस्तकात एक आकडा असतो आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी विचारलं नव्हतं. अठ्ठेचाळिसावं प्रकरण कागदाचं, एकोणपन्नासावं छापील मालाचं. वही, डायरी, पावतीपुस्तक, फाइल ही अठ्ठेचाळीस-वीस. निवृत्त झाले तरी एकही कागद त्यांच्यासमोरून आकड्याशिवाय पुढे सरकत नसे. मुलांच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा दोन्हीकडची माणसं नावं बरोबर आहेत का ते बघत होती आणि हे पाकीट हातात धरून संतापले होते. "पाकीट अठ्ठेचाळीस-सतरा, आतलं कार्ड एकोणपन्नास-शून्य-नऊ. दोन्हींना मिळून पत्रिका कसं म्हणता तुम्ही?" लग्नाच्या पंगतीत एका वाढप्यानं बिचाऱ्यानं अदबीनं विचारलं, "काका, टिश्यू देऊ?" व्याह्यांनी हातातली जिलबी खाली ठेवली. "टिश्यू हा कागद झाला. कापून घडी घातली की त्याचा रुमाल होतो. तू मला काय देतोयस ते आधी ठरव." वाढपी थांबला म्हणून मठ्ठा थांबला, मठ्ठा थांबला म्हणून पंगत थांबली. माझी मुलगी शालूत बसून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. पण माझा स्वतःचा धंदाच वह्यांचा. बेगडेवाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ बायका हातानं वह्या शिवतात. त्यांतल्या सगळ्यात जुन्या हौसाबाई बेडशाहून कामशेतला येतात आणि तिथून लोकल धरतात. आमच्या वहीत डाव्या पानावर मावळातलं एक फूल, सोनकी नाहीतर तेरडा, आणि उजवं पान कोरं. तिला मी हौसेनं नाव दिलं, चित्रवही. हे नाव ऐकल्यापासून व्याही दर गुरुवारी न सांगता यायला लागले. कागद कापायच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सुरू करायचे. "चित्रवही म्हणजे चित्रं बघायची, की चित्रं काढायची, की चित्राशेजारी लिहायचं? तीन अर्थ, तीन घरं, तीन आकडे. विहीणबाई, नाव बदला." मी म्हणायची, नाव गोड आहे, लोकांना आवडतं. एका गुरुवारी त्यांनी टेबलावर हात आपटला आणि आठ बायकांसमोर मला बेजबाबदार म्हणाले. माझ्या शेडमध्ये, माझ्या खुर्चीत बसून, माझे पोहे खाऊन. त्या दिवशी मी इतक्या रागानं मशीन चालवलं की अख्खा गठ्ठा तिरका कापला गेला. आणि वर कळस म्हणजे जाताना त्यांनी कपाटातला सगळ्यात चांगला नमुना न विचारता उचलला, खिशातलं बॉलपेन काढलं आणि माझ्यादेखत त्यात लिहायला लागले. "वही लिहून बघितल्याशिवाय कळत नाही," म्हणाले. पुढे प्रत्येक गुरुवारी परतीची गाडी येईपर्यंत ते त्यात काहीतरी खरडत बसायचे. माझा नमुना वाया गेला तो गेलाच.

मग आम्हांला परदेशातल्या एका दुकानाची पहिली ऑर्डर मिळाली. तिकडच्या शाळा उघडायच्या आत माल पोचला तर पुढे वर्षभराचं काम होतं, नाहीतर शेड बंद करून बायकांना घरी पाठवण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं. एजंटाच्या ऑफिसातल्या मुलीनं फोनवर विचारलं, माल काय लिहू? मी ऐटीत सांगितलं, चित्रवही. तिनं फॉर्मवर लिहिलं, लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. बंदरावर खोकी उघडली तर पुस्तकातली अर्धी पानं कोरी. लिहिलंय एक आणि भरलंय दुसरंच म्हणून माल अडकला.

मी व्याह्यांना कळवलं नाही. शेड बंद पडली तरी चालेल पण त्या माणसाच्या तोंडून "मी सांगितलं होतं" ऐकायचं नाही, इतकी मी चिडले होते. हौसाबाईंनी मला न विचारता त्यांना फोन लावला. व्याही दुपारच्या गाडीनं हजर झाले आणि "मी सांगितलं होतं" हे वाक्य चार वेळा म्हणाले. पाचव्यांदा म्हणायच्या आत हौसाबाई मध्ये पडल्या.

"आबा, आता भांडान पुरं करा. माल कसा सुटंल त्ये सांगा."

"तुम्ही सांगा. ही तुम्ही काय म्हणून शिवता?"

"वही म्हणून. लिवायला असती न्हवं ती? फुलं कडंला हायती, लिवणाऱ्याला जरा बरं वाटावं म्हून. फुलं बघायची तर आमच्या डोंगरावर लय हायती, त्याला वही कशाला?"

व्याही माझ्याकडे वळले. "कायदा हेच म्हणतो. छापलेलं मुख्य की लिहिणं मुख्य, एवढंच बघायचं असतं. यांना एका दमात कळलं. तुम्हांला वर्षभर सांगतोय." बरोबर आहे तुमचं, असं मी म्हटलं तेव्हा माझे दात एकमेकांवर घासत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बंदरावर गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं वही उलटसुलट चाळली. "अर्धी पानं चित्रांचीच आहेत. ही लिहायची वस्तू आहे कशावरून?" आता हे टेबलावर हात आपटणार आणि उरलंसुरलं बुडवणार म्हणून मी डोळे मिटले. आवाज आला नाही. व्याह्यांनी पिशवीतून माझा तो नमुना काढला, पहिल्या पानापासून बारीक अक्षरानं भरत आणलेला. "साहेब, मी वापरतो. चित्रांकडे अजून नीट बघितलेलंही नाही." अधिकाऱ्यानं एक पान वाचलं, मग आणखी दोन वाचली, आणि हसू दाबत मला विचारलं, "विहीणबाई म्हणजे तुम्हीच का?" फॉर्म दुरुस्त करायला परवानगी मिळाली, अठ्ठेचाळीस-वीस लागलं आणि माल वेळेत गेला. येताना मी विचारलं, त्यात काय लिहिलंय? "टिपणं," ते म्हणाले आणि वही पिशवीत घालून लोणावळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

गेल्या वर्षी जावयाची नोकरी जर्मनीत गेली. मुलांनी व्याह्यांनाही तिकडे नेलं. शेड चालू आहे, आठच्या अकरा बायका झाल्या आहेत आणि गुरुवारी कोणी ओरडत नाही. मला वाटलं होतं, मी सुटले. पण गुरुवारी पोहे जास्त होतात आणि ते संपवायला हौसाबाईंना आग्रह करावा लागतो.

मागच्या महिन्यात तिकडून एक पार्सल आलं. वरच्या कस्टमच्या चिठ्ठीवर व्याह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, एकोणपन्नास-शून्य-सहा, हस्तलिखित मजकूर. आत माझी वही होती. माझ्या दोऱ्यानं शिवलेली, माझ्या कपाटातून उचललेली. जिच्या आकड्यासाठी मला वर्षभर छळलं, तिलाच हा माणूस चुकीचा आकडा लावतो, म्हणून माझं डोकं पुन्हा फिरलं. मी पहिलं पान उघडलं.

"गुरुवार. विहीणबाईंना सगळ्यांसमोर बेजबाबदार म्हणालो. शब्द जास्त झाला. पुढच्या गुरुवारी माफी मागणे."

खाली: "गुरुवार. माफी राहिली. पोहे चांगले होते."

पुढच्या पानावर: "गुरुवार. आज नक्की मागणार होतो. पण त्यांनी पुन्हा चित्रवही म्हटलं."

वही अशीच शेवटपर्यंत भरली होती. माफी राहिली, माफी राहिली. बंदराच्या दिवसाखाली एवढंच होतं, "माल सुटला. विहीणबाई गाडीत रडल्या. बघितलं नाही असं दाखवलं."

मी लगेच फोन लावला, भांडायलाच. म्हटलं, आकडा चुकलाय तुमचा, ही वही आहे, अठ्ठेचाळीस-वीस.

"वाचलीत का?" त्यांनी विचारलं.

"वाचली."

"सगळी?"

"सगळी."

"मग ती वही कशी राहील, विहीणबाई? लिहायची होती तोवर वही होती. आता ती वाचायची झाली."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. पोह्यांची बशी पुढे करायला समोर कोणी नव्हतं.