तिघींमध्ये एक लॅपटॉप

आम्ही तिघींनी पैसे साठवले होते ते प्रवासासाठी. मॅडमना बोधगया पाहायची होती, माझ्या धाकट्या जावेला काशी, आणि मला नुसतं रेल्वेत खिडकीशी बसायचं होतं. मॅडम म्हणजे आर्वीतल्या आमच्याच गल्लीतल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. एकदा त्यांच्या मुलीचं बाळंतपण आडवं आलं. एकदा लग्नसराईत माझ्याकडे ब्लाऊजचा ढीग पडला. पुढे ऊन इतकं तापलं की गयेचं नाव काढायचीही कोणाची हिंमत होईना. पैसे मात्र तसेच राहिले.

त्याच सुमारास जावेचा मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर घेऊन गेला. मुलगा गेल्याचं दुःख जावेला झालंच. पण चार-सहा दिवसांनी भरदुपारी ती माझ्या शिलाई मशीनजवळ येऊन बसली आणि डोळे पुसायला लागली, तेव्हा ते पाणी नेमकं कोणासाठी आहे हे मला बरोबर कळलं. माझीही अवस्था तीच होती.

झालं होतं असं की, खेळताना आई सारखी मागे उभी राहून जेवायला बोलावते, याला कंटाळून पोराने तिलाच गाड्या पळवायचा खेळ शिकवला. ती शिकली. मग तिने मला बोलावलं, मी मॅडमना. पोरगा कॉलेजात असताना दुपारभर तो कॉम्प्युटर आमचा असायचा. जाऊ खऱ्या रस्त्यावर स्कुटी वीसच्या पुढे नेत नाही, सायकलवाले तिला मागे टाकून जातात. खेळात मात्र डोंगराच्या वळणावर तिने ब्रेक लावलेला मी कधी पाहिला नाही. मला चोरपावलांनी किल्ल्यात शिरायचा खेळ आवडायचा. मॅडमना बंदुकीचा. जन्मात कोणाला अरेतुरे न केलेली ती बाई गोळी झाडण्याआधी शांतपणे चष्मा पुसायची, आणि समोरचा पडला की "चला, झालं" एवढंच म्हणायची.

तर प्रवासाच्या पैशांत लॅपटॉप घ्यायचा, ही कल्पना जावेची. मॅडमनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "बोधगया काही पळून जात नाही."

घरी आम्ही काही लपवलं नाही. गंमत अशी की खरं सांगितलं तर कोणी ऐकलंच नाही. मी नवऱ्याला ताट वाढता वाढता सांगितलं की आम्ही तिघी गेम खेळायचा लॅपटॉप घ्यायला वर्ध्याला जातोय. तो हसला आणि म्हणाला, येताना गोरसपाक बिस्किटं आणजो. दिराने तर हसण्याचीही तसदी घेतली नाही.

लॅपटॉप एक आणि घरं तीन, तेव्हा तो आठवड्या-आठवड्याने फिरणार हे ठरलेलं होतं. म्हणजे उचलायला सोपा पाहिजे. आता वजनाचे आकडे आम्ही मोबाइलवर वाचले होते, पण आकड्यावरून हाताला काय कळतं? मग जावेने भाजीच्या पिशवीत दोन किलो तूरडाळ घातली आणि आम्ही पाळीपाळीने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो. दोन किलोला कोणाची तक्रार नव्हती. अडीच किलो घातल्यावर मॅडम अर्ध्या वाटेत कोणाच्या तरी ओट्यावर टेकल्या. त्या घरातल्या बाईने विचारलं, एवढी डाळ कुठे चालली? मॅडम म्हणाल्या, "कुठेच नाही, फिरवून आणतेय." बाई घाबरून आत गेली.

वर्ध्याच्या बसमध्ये आमची भांडणं सुरू झाली. अर्ध्या तिकिटात बसलेल्या आम्ही तिघी, पण आवाज पूर्ण तिकिटाचा. मॅडमना मोठा पडदा हवा होता, कारण दूरचा शत्रू त्यांना दिसत नसे. जावेला हलका हवा होता, कारण स्कुटीवर नेणारी तीच. मी म्हणत होते की पडदा आणि वजन नंतर पाहू, आधी आत ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे की नाही ते बघा. ते नसलं तर गाडी वळणावर अडखळत चालणार. आणि हे सगळं साठ हजारांत बसायला हवं होतं. पुलगाव मागे पडलं तरी आमचं एकमत झालं नव्हतं.

पहिल्या दुकानात शिरल्या शिरल्या आमच्यासमोर एक गुलाबी, कागदासारखा पातळ लॅपटॉप आला. भजनं ऐकायला आणि व्हिडिओ कॉलला मस्त आहे, असं तिथल्या माणसाने सांगितलं. जावेने तो एका बोटावर उचलला आणि तिचा जीव त्यात अडकला. मी विचारलं, यात ग्राफिक्स कार्ड कोणतं? माणूस म्हणाला, काकू, तुम्हाला ते लागणार नाही. आम्ही बाहेर पडलो. जाऊ मागे वळून वळून बघत होती.

दुसरं दुकान स्टेशनकडच्या रस्त्याला होतं. मालक स्वतः काउंटरवर बसलेला, पोट सुटलेला, निवांत माणूस. त्याने कोणासाठी म्हणून विचारलं, आम्ही आमच्यासाठी म्हटलं, कशाला म्हणून विचारलं, आम्ही गेमसाठी म्हटलं. त्याने एकदा आमच्या तिघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि पंखा वाढवला. मग सरळ सांगितलं की हलका, ताकदवान आणि स्वस्त अशा तिन्ही गोष्टी एकात मिळत नाहीत. दोन मिळतात. हलका घेतला तर गेम चालत नाही, दोन्ही हवं तर पैसे दुप्पट. शिवाय गेमचा लॅपटॉप तापणार, पंख्याचा आवाज करणार आणि चार्जर न लावता तासाभरात मान टाकणार.

"पण गेल्या वर्षीचं एक मॉडेल हाये," तो म्हणाला. "कार्ड वेगळं, पडदा मोठा, दोन किलोच्या थोडं वर. नवं मॉडेल आलं म्हणून किंमत उतरली. डबाबंद पीस एकच उरला."

तसलाच एक काउंटरवर चालू करून ठेवलेला होता. जावेने पर्समधून भाजीची पिशवी काढली, परवानगीही न घेता लॅपटॉप आत घातला आणि दुकानात दोन चकरा मारल्या. बसत होता. मग मालकाने चार्जर दाखवला. विटेएवढा होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि चार्जर दुसरीने घ्यायचा असं तिथल्या तिथे ठरवलं.

मी पैशांच्या पाकिटाला हात घालणार एवढ्यात शेजारून एक आवाज आला. "तोच पीस आमी पाहून राह्यलो न भाऊ."

एक बाप आणि त्याची मुलगी. बापाचं जाम गावच्या चौकात टायरचं दुकान, मुलगी वर्ध्यात इंजिनिअरिंगला. हे त्याने नंतर सांगितलं. त्या वेळी तो फक्त तक्रार करत होता. पोरगी म्हणते अभ्यासाच्या सॉफ्टवेअरला असलाच लागतो. त्याला वाटत होतं की साध्या लॅपटॉपवर अभ्यास होत नाही हे काय खूळ. आणि आमच्या तिघींच्या जबाबदार चेहऱ्यांकडे बघून तो मॅडमना म्हणाला, "तुमीच सांगा बाई. ह्या गेमच्या डब्ब्यात अभ्यास होते काय?"

मॅडमनी अतिशय गंभीरपणे सांगितलं की होऊ शकतो. मी खाली बघत राहिले.

पीस एक, गिऱ्हाइकं दोन. काउंटरवरचा द्या म्हटलं तर मालक म्हणाला, डिस्प्लेचा विकत नाही. बाप मनातून खूश होता. हा गेला तर साधा घेऊन सुटता येणार होतं. आणि तेव्हा माझी जाऊ, जी दिरासमोर मोठ्याने बोलत नाही, म्हणाली की शर्यत लावा. डिस्प्लेच्या लॅपटॉपवर आपलाच गाड्यांचा खेळ आहे. एकच रस्ता, आधी एकीने, मग दुसरीने. जिला कमी वेळ लागेल, तिचा डबाबंद पीस.

मुलगी पटकन म्हणाली, तिला असलं काही खेळता येत नाही. "मंग तं मिटलंच," बाप म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

मालकाने दुकानातला माऊस दिला, तो जावेने बाजूला सारला. पदर खोचला आणि गाडी सोडली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण त्या दिवशी ती आपल्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या भुवया कोरताना जशी श्वास रोखते तसा श्वास रोखून बसली होती. नदीवरचा पूल तुटलेला होता, तिथून तिने गाडी उडवली. शेवटचं वळण घेताना मालकही उठून उभा राहिला. वेळ चांगलाच कमी लागला.

मग मुलगी बसली. एका बोटाने बटणं शोधायला लागली. पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत. दुसऱ्याला शेतात. बाप म्हणाला, राहू दे बेटा, होते असं. पण मी तिच्या उजव्या बाजूला उभी होते. उजव्या हाताचं बोट भटकत होतं आणि डावा हात मात्र न बघता बरोबर चार बटणांवर पडलेला होता, जसा माझा हात मशीनच्या चाकावर पडतो. मी जावेच्या कानाशी लागले. "ही मुद्दाम हरून राह्यली."

जावेने गप्प बसायला हवं होतं. लॅपटॉप आमचाच होता, नुसतं गप्प बसायचं होतं. मी तिला चिमटाही काढला. पण तिचा चेहरा उतरला होता. तिने पुढे होऊन शर्यत थांबवली आणि मुलीला म्हणाली, "पोरी, नीट खेळ. अशी जिंकली तं तो घरी नेऊन मले झोप नाई लागणार."

मुलीने बापाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग ओढणी पाठीमागे बांधली, खुर्ची पुढे घेतली आणि शर्यत पहिल्यापासून सुरू केली.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण डोळ्यांना पुरत नव्हतं. तिने पुलावरून गाडी उडवलीच नाही, खाली नदीतून काढली. तसा रस्ता आहे हे आम्हाला दोन वर्षांत कळलं नव्हतं. ती जावेपेक्षा थोडक्यात पुढे निघाली. मॅडम सवयीने "चला, झालं" म्हणाल्या.

बापाने स्टूल पडद्याजवळ ओढलं.

"कुठी शिकली वं?"

"होस्टेलले," मुलगी खाली मान घालून म्हणाली. "मैत्रिणीच्या लॅपटॉपवर."

त्याचा पुढचा प्रश्न सगळ्यांना माहीत होता, म्हणून मॅडमनी तो त्याला विचारूच दिला नाही. त्यांनी विचारलं की मुलीचा निकाल कसा असतो. वर्गात पहिल्या पाचात असते, हे त्याला कबूल करावं लागलं. मॅडम "मग?" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. शाळेत त्या अशाच गप्प बसत असणार. टायरवाला स्टुलावर चुळबुळला, त्याने दाढी खाजवली, आणि शेवटी मुलीला विचारलं, "ते पाण्यातून गाडी काढली, त्याच्यात इंजिन बंद नाई पडत काय?"

डबाबंद पीस त्यांनी घेतला. बापाने पैसे मोजताना तोंड वाकडं केलं होतं, पण ते दर वेळी पैसे मोजताना होत असावं.

आमच्या वाट्याला गुलाबी लॅपटॉप आला असता. जाऊ तर त्या दुकानाकडे निघालीही होती. पण मालक मजेत होता. एवढी मजा दिवाळीच्या सेललाही आली नसेल. मॅडमनी तेवढ्यात विचारलं की डिस्प्लेचा पीस विकत नाही म्हणजे कधीच विकत नाही, की आज विकत नाही? तो हसायला लागला. झाकणावर एक ओरखडा होता आणि एका बटणावरचं अक्षर बोटं लागून लागून पुसट झालं होतं. त्याने त्याचे पैसे कमी केले, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून लिहून दिली. मुलीने जायच्या आधी लॅपटॉप चालू करून सगळं तपासलं आणि उरलेल्या पैशांत मेमरी वाढवून घ्या, आत जागा आहे, असं सांगितलं. आम्ही लगेच घेतली. बाप दारातून म्हणाला, जामकडून गेल्या तं चहाले येजा.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप जावेच्या मांडीवर होता आणि चार्जर माझ्या. मध्येच कुठेतरी ती म्हणाली, "नदीतून रस्ता हाये, ताई." आणि परत बाहेर बघायला लागली.

आता ती मुलगी सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन आमच्या टोळीत असते. हेडफोनमधून आम्हाला हुकूम सोडते, आणि मॅडमही ते निमूट ऐकतात. लॅपटॉप ठरल्याप्रमाणे फिरतो. म्हणजे पावसाळा संपेपर्यंत तरी फिरत होता. परवा मॅडमचा आठवडा संपला तरी लॅपटॉप येईना. फोन केला तर म्हणाल्या, घरी पाहुणे आलेत, निघता येत नाही. पुन्हा केला तर पाहुणे अजून होतेच. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलला नाही, तेव्हा आम्ही दोघी जाऊन थडकलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. घरात पाहुणे कोणीही नव्हते. मॅडम जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, कानांवर हेडफोन, बाजूला सकाळचा वरणभात तसाच झाकलेला. आम्हाला बघून दचकल्या नाहीत. एक हात वर करून थांबायची खूण केली.

"बसा दोघी," त्या म्हणाल्या. "हे एवढे चार जण राहिलेत."

आम्ही बसलो. चार जणांचे सहा झाले, सहाचे पुन्हा चार. शेवटी जाऊ उठली आणि स्वयंपाकघरात गेली. चहा तिनेच टाकला. साखरेचा डबा कुठे असतो ते तिला माहीत होतं.