दोन सुपाऱ्या, एक काडी

जमीनदार शेठनी मला आपल्या ओटीवर चढू दिले ते केवळ एका उत्तरापुरते. माझा काका खाली अंगणात, उन्हात, चपला हातात घेऊन उभा होता. स्वातंत्र्य यायला अजून काही वर्षे होती. डोळखांबकडच्या आमच्या दोन पाड्यांची बाहेर पडण्याची वाट शेठनी कुंपण घालून बंद केली होती. तालुक्याचे साहेब चौकशीला आले होते.

शेठनी पानाच्या डब्यातल्या सुपाऱ्या पाटावर मांडल्या. एकेक सुपारी म्हणजे एकेक पाडा. त्यांच्यामधल्या आगपेटीच्या काड्या म्हणजे वाटा. आमच्या दोन सुपाऱ्या कडेला. त्यांच्यात एक काडी. बाकीच्यांकडे जाणारी एकही नाही.

"तर्कशास्त्र शिकतोस ना रे कॉलेजात? मग सांग साहेबांना. प्रत्येक पाड्यातून दुसऱ्या एका तरी पाड्याला वाट आहे ना? हो की नाही, एवढंच. भाषण नको."

साहेब हसले. विधान खरे होते.

"हो," मी म्हणालो.

"पोरगं हुशार निघालं तुमचं," शेठ अंगणाकडे पाहून म्हणाले. चौकशी संपवून साहेब उठले. वाट बंदच राहिली.

सांगायला लाज वाटते, पण उतरताना मला अभिमान वाटत होता. ओटीवर उभा राहिलो होतो. अचूक बोललो होतो.

काकाने एवढेच विचारले, "खरं बोललास ना रे तू? मंग आपली वाट का नाय?"

मी त्याला अडाणी ठरवले आणि पुढे चालू लागलो.

त्याच पावसाळ्यात काकी बाळंतपणात अडली. शहापूरच्या दवाखान्यात न्यायला डोली निघाली. कुंपणाशी शेठच्या माणसांनी ती अडवली. रान तुडवत वळसा घालेपर्यंत काकी गेली.

आता माझी पन्नाशी उलटली. मी तर्कशास्त्रच शिकवतो. फळ्यावर ठिपके आणि रेषा काढतो. 'प्रत्येक' आणि 'एक तरी' या शब्दांत पुष्कळ सांगता येते. दोन टप्प्यांत पोहोचता येते, तीन टप्प्यांत पोहोचता येते, हेही सांगता येते. पण कितीही टप्पे लागोत, कुठूनही कुठेही पोहोचता येते, हे त्या भाषेतल्या कोणत्याही एका विधानात मावत नाही. याची सिद्धता मला तेव्हा ठाऊक नव्हती. सुपाऱ्या मात्र दिसत होत्या.

त्या पावसाळ्यात काकीचे दिवसकार्य झाल्यावर साहेब पुन्हा चौकशीला आले. मी अंगणातच काकाशेजारी उभा राहिलो.

"वर ये रे," शेठ म्हणाले.

"नाही. त्या ओटीवर आता पाय ठेवणार नाही. साहेब, आमच्या पाड्यांतून वाटेने शहापूरला पोहोचता येतं का, ते विचारा. येत नाही."

मग काकाकडे वळलो. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "काका, पाटावर आपल्या दोन सुपाऱ्या वेगळ्या पडलेल्या मला दिसत होत्या. तरी मी हो म्हटलं. माझं चुकलं."