गायरानाची ओळ

आमच्या गावाच्या शिवारालगत एक छोटं विमानतळ आहे. कधी पुढाऱ्यांचं विमान उतरायचं, कधी शिकाऊ वैमानिकांची खेळण्यांएवढी विमानं घिरट्या घालायची. त्याची धावपट्टी वाढवायची ठरली आणि मोजणीवाले आले, तेव्हा मी जालन्यात राहत होते. शाळेत शिकवायचे आणि रविवारी गावी जायचे. नकाशात धावपट्टी दोन्ही अंगांनी वाढत होती. पश्चिमेला आमच्या भावकीच्या मोसंबीच्या बागा होत्या आणि पूर्वेला गायरान. गायरानावर बौद्ध वस्तीतली माणसं आज्या-पणज्यांपासून तूर, ज्वारी पेरत आली होती, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं.

सुरुवातीला सगळं गाव एक होतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तहसील कचेरीसमोर धरणं धरलं तेव्हा वस्तीतल्या बाया सगळ्यांच्या आधी सतरंजीवर येऊन बसल्या होत्या. त्यांच्यात एक मावशी होत्या, आमच्याच बागेत वर्षानुवर्षं खुरपायला येणाऱ्या. माईक हातात आला तेव्हा आमच्या भावकीतले गडी लाजले, मावशी मात्र उभ्या राहिल्या. "इमान उडावं, आमाला बी आवडतंय बघायला," त्या म्हणाल्या, "पण त्यानं आमच्या ताटावरून काहून पळावं?" सगळे हसले, मग टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

हरकतीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आणि सरकारी भाषा मला जमते. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला फार बरं वाटत होतं. लग्न होऊन गेलेली पोरगी गावाला पाहुणी असते. आता पारावरची म्हातारी माणसं मला बोलावून घेत, खुर्ची देत. मी कच्चा अर्ज लिहिला. त्यात शेवटून दुसरी ओळ होती, 'गायरान कसणाऱ्या कुटुंबांची वहिवाट विचारात घ्यावी व त्यांच्या जमिनीस हात लावू नये.' ती ओळ मावशींनीच घालायला सांगितली होती.

पुढच्या रविवारी मोठ्या भावाच्या घरी बैठक झाली. वस्तीतलं कुणी नव्हतं. भाऊ कुठल्याशा साहेबाला भेटून आला होता. बागायती जमिनीवर जोर दिला तर पश्चिमेचा भाग वगळून सगळा विस्तार पूर्वेला नेता येईल, असं त्याला कळलं होतं.

"ती गायरानाची ओळ काढ," भाऊ मला म्हणाला.

"पण ते लोक आपल्यासंगं बसलेत, दादा."

"बसले ना. त्याइच्या सह्या बी पायजेत, अर्ज भारी दिसंल. पण सगळ्यांनी सगळंच मागितलं तर कोणालाच काही भेटत न्हाई. ते तर सरकारचंच हाय. आज न उद्या जायचंच."

वहिनी चहा घेऊन आली होती, ती थांबली. तिला वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. मला बोलायचंही होतं. पण चुलते माझ्याकडे बघत होते, ती खुर्ची होती, आणि ती बाग वडिलांनी एकेक खड्डा स्वतः खणून लावलेली होती. मी तिथंच बसून पक्की प्रत लिहिली. ओळ गाळली. कागदावर काही कमी आहे असं दिसू नये म्हणून वरच्या ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं.

दुपारी मी तोच अर्ज घेऊन वस्तीत गेले. विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या. बऱ्याच जणींनी न बघताच सह्या केल्या, अंगठे उठवले. मावशी मात्र थांबल्या. त्यांची सून गावात आरोग्य खात्याची 'आशा' कार्यकर्ती आहे, ती वाचून बघायची, पण त्या दिवशी ती लसीकरणाला गेली होती.

"ताई, वाचून दाखवा," मावशी म्हणाल्या. "ऐकल्याबिगर अंगठा देत नसते मी."

मी वाचायला लागले. शेवटाकडे आले आणि जी ओळ कागदावर नव्हती ती वाचली. कुटुंबांची वहिवाट विचारात घ्यावी, जमिनीस हात लावू नये. अगदी त्याच शब्दांत, त्याच जागी. मावशींनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाल्या आणि अंगठा शाईत बुडवला.

हे मी का केलं, याचं कारण मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं आहे. भावानं दबाव आणला, वगैरे. पण खोटं वाचायला मला कुणी सांगितलं नव्हतं. 'ती ओळ निघाली, मावशी' एवढं म्हणायचा धीर नव्हता आणि सह्या घेतल्याशिवाय परत जायचीही लाज वाटत होती.

सुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. अधिकारी तरुण होता, सभ्यपणे बोलत होता. आमचा अर्ज वर धरून म्हणाला, "ग्रामस्थांनी बागायती क्षेत्राबद्दल हरकत घेतली आहे, ती योग्य वाटते. पूर्वेकडच्या गायरानाबद्दल अर्जात काहीच उल्लेख नाही. म्हणजे तिकडे विस्तार करायला गावाची हरकत दिसत नाही."

मावशी मागच्या रांगेतून उठल्या. "हाय की साहेब. लिव्हलंय त्यात. ताईनं वाचून दाखवलंय आमाला. इचारा त्याइला."

सगळं कार्यालय माझ्याकडे वळलं. भाऊ समोर बघत राहिला. मी उभी राहिले. तिथं खरं सांगायची संधी मला मिळाली होती, अशी सरळ संधी आयुष्यात फार वेळा मिळत नाही. मी म्हणाले, "कच्च्या अर्जात होतं. पक्का करताना... राहून गेलं असेल."

"पण तुम्ही वाचून दाखवलं ते कोणतं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "असंल साहेब. घाईगडबडीत राहून जातंय माणसाकडून." आणि त्या खाली बसल्या. त्यांनी मला सगळ्यांसमोर वाचवलं. घरी जाताना भाऊ म्हणाला, "निभावलं बघ." मी जालन्याची गाडी पकडली.

पंधरा दिवसांनी मावशींची सून माझ्या घरी आली. खुर्चीच्या कडेला बसली, चहा घेतला नाही. वस्तीनं वेगळा अर्ज केला होता, तिनंच लिहिला होता. "मॅडम, एवढंच लिहून द्या, की गायरानाची ओळ आमाला वाचून दाखवली होती आणि ती नंतर अर्जात नव्हती. आमची हरकत पयल्यापासून होती, हे तरी कागदावर येईल. मुदत हाय अजून."

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

मी विचार करत बसले. नोकरीचा, भावाचा, माहेरचं दार बंद होण्याचा. तिनं दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तर मी फोन उचललाच नाही, हातात धरून तो वाजू दिला. मुदत संपली आणि नंतर एक दिवस, कुणी काहीच विचारत नसताना, मी शाळेतून रजा घेऊन कचेरीत गेले आणि सगळं लिहून दिलं. मी ओळ गाळली, मी खोटं वाचलं, असं स्पष्ट. कारकुनानं शिक्का मारला. "उशीर झाला बाई," तो म्हणाला, "पण लावून ठेवतो फाईलला." त्याचा काही उपयोग झाला नाही. पूर्वेची मोजणी झाली, खांब रोवले, तारेचं कुंपण आलं. कडेची थोडी पट्टी काही घरांना उरली. मावशींचा तुकडा पूर्ण आत गेला. आमच्या बागा जागेवर आहेत. भाऊ चार महिने बोलला नाही, मग बोलायला लागला. त्याला फारसं काही गमवावं लागलं नव्हतं, म्हणून राग धरणंही सोपं नव्हतं त्याला. मोसंबीची पेटी दर हंगामाला येते आणि मी ती खाते, हेही लिहायला हवं.

कुंपण झाल्यावर मी एकदा मावशींकडे गेले. त्या अंगणात सुपात डाळ पाखडत होत्या. सुनेनं पाणी आणून दिलं आणि आत गेली, बोलली नाही. मी सांगितलं, सगळं लिहून दिलंय म्हणून. माफी मागितली.

"सून बोलली मला," मावशी म्हणाल्या. सूप खाली ठेवलं. "राग न्हाई बाई. जमीन तशी बी त्यांनी नेलीच असती कदाचित. पण एक समजत न्हाई बघा. त्या दिवशी वाचताना तुमी एकदा बी अडखळल्या न्हाईत. म्या तुमच्या तोंडाकडंच बघत होते. जरा अडखळल्या असत्या ना, तर म्या अंगठा दिला नसता."

त्यांनी सूप पुन्हा उचललं. पाखडता पाखडता म्हणाल्या, "ऊन चढून राह्यलंय. गाडी निघून जाईल तुमची."

मी उठले आणि फाट्यापर्यंत चालत गेले.