दाव्याला बांधलेलं विमान

मुरुडजवळ माझी मोटारसायकल पंक्चर झाली, तेव्हा तो भेटला. रस्त्याकडेला त्याचं वेल्डिंग-पंक्चरचं दुकान होतं आणि मागच्या मोकळ्या जागेत त्यानं स्वतःच्या हातानं जोडलेलं, एकाच माणसाचं विमान उभं होतं. उडवायची परवानगी काही त्याला मिळाली नव्हती.

पंक्चर निघेस्तोवर दिवस कलला. वारा सुटला तसा तो हात पुसत उठला आणि विमानाला दाव्यानं खुंट्याला बांधू लागला. आधी पंख, मग शेपूट. बांधून झाल्यावर बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा पत्र्यावरून हात फिरवला.

"मामा, उडून जाईल म्हणून बांधता व्हय?" मी हसत विचारलं.

मला हाताला धरून तो दुकानात घेऊन गेला. आवाज खाली करून म्हणाला, "उडतंय कशाचं, सर? बायकोच्या दुखण्यात इंजिन इकलं. ती बी न्हाई राहिली."

"मग बांधता कशाला?"

बाहेर वाऱ्यानं पंख थरथरत होता. तो तिकडं बघत राहिला.

"इंजिन गेलं, हे त्याला अजून सांगितलं न्हाई मी."

निघताना मी मोटारसायकल ढकलत पार वळणापर्यंत नेली आणि मगच तिचं इंजिन चालू केलं.