टेबलावरचं औषध

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे दाजी, एका डॉक्टरांकडे सव्वीस वर्षं कंपाउंडर आहेत. डॉक्टर पेशंटला तपासतात आणि दाजी टेबलाला. पेशंट आत जायच्या आधीच त्याच्या नशिबी कोणतं औषध आहे, हे दाजी सांगतात. यात जादू काही नाही. औषध कंपन्यांचे टायवाले प्रतिनिधी, म्हणजे एमआर, टेबलावर पेन, कप, कॅलेंडर ठेवून जातात. त्यांवर औषधांची नावं असतात आणि लिहिताना डॉक्टरांची नजर नेमकी तिथे जाते. खोकल्याचं औषध पेनावर, अ‍ॅसिडिटीचं चहाच्या कपावर, रक्तदाबाचं पेपरवेटवर. माणूस भला आहे हो, नवी नावं लक्षात राहत नाहीत एवढंच. पण त्या विसरभोळेपणापायी अख्ख्या गल्लीचे खिसे रिकामे होतात. मला तरी त्याच्या भलेपणाचं कौतुक नाही.

मग ताईलाच रक्तदाब निघाला. "घरचं माणूस, फी कसली?" असं म्हणून डॉक्टरांनी पेपरवेट फिरवलं आणि औषध लिहिलं. फीची कसर दवाखान्याखालच्या औषधवाल्याने दसपटीने भरून काढली. गोळ्यांचा भाव ऐकून ताईने गुपचूप दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली. मग दाब उतरतोय कशाला! डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, "हट्टी दाब आहे" म्हणाले आणि कॅलेंडरकडे बघून दुसरी गोळी वाढवली. ताई तीही दिवसाआड घेऊ लागली.

एका दुपारी ती जिन्यात भोवळ येऊन पडली. भुवईवर चार टाके पडले, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं.

"अगं, मला सांगायचंस तरी!" मी ओरडलो.

"काय सांगू? औषध परवडत नाही म्हणून? डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं तर? यांची नोकरी आहे तिथे."

दाजी उरलेल्या गोळ्या मोजत बसले. सव्वीस वर्षं मूग गिळून बसलेला माणूस. मला त्यांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी दवाखान्यात गेले. टेबल पुसायच्या निमित्ताने त्यांनी होतं नव्हतं ते सगळं कपाटात कोंबलं. उरलं एक साधं पेन आणि कोरा पॅड. पहिला पेशंट आला. डॉक्टरांनी टेबलावर नजर फिरवली, छताकडे पाहिलं, पेनाने कान खाजवला आणि शेवटी कॉलेजात पाठ केलेली जुनी, स्वस्त गोळी लिहिली. दिवसभर तेच चाललं. दुपारी औषधवाला धापा टाकत वर आला. "डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना?"

शेवटचा नंबर दाजींनी ताईचा लावला.

आठवड्याभरात टायवाल्यांनी टेबल पुन्हा सजवलं, पण ताईची ती स्वस्त गोळीची चिठ्ठी दाजींच्या खिशात होती. महिन्याने तपासणी झाली, तेव्हा दाब उतरलेला. डॉक्टरांची छाती फुगली.

"बघा वहिनी! औषध चांगल्या कंपनीचं असलं की गुण येणारच."

"आता रोज घेते ना," ताई म्हणाली. "परवडतं."

डॉक्टरांनी ते ऐकलं नाही. ते पेपरवेट फिरवून नाव वाचत होते. त्यांनी लिहिलेली नवी चिठ्ठी दाजींनी दोन्ही हातांनी अदबीने घेतली, बाहेर येऊन तिची चौघडी घातली आणि आपल्या डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली.